दरवाजा किती रुंद आहे?

कण्याला मार बसलेल्या माणसाला भेटायला कोणी आलं की त्याची नजर आधी पायांकडे जाते. चादरीखाली अंगठा हलतोय का, हे चोरून बघितलं जातं. मग खोलीबाहेर येऊन, पण आत ऐकू जाईल अशाच आवाजात, प्रश्न येतो, "चालायला कधी लागणार?" माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, मानेतला मज्जारज्जू, म्हणजे कण्यातून जाणारी नसांची दोरी, दुखावला त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या वर्षात हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त वेळा मीच विचारला. डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टला, रात्रपाळीच्या नर्सला, एकदा तर लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला.

आज मला वाटतं की मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या पुनर्वसनाचं जेवढं नुकसान ह्या एका प्रश्नानं केलंय, तेवढं पैशाच्या टंचाईनंही केलं नसेल. कारण टंचाई असतानाही जो काही पैसा, जो काही वेळ आणि जेवढा म्हणून उत्साह हाताशी असतो, तो कुठे खर्च व्हायचा हे हाच प्रश्न ठरवून टाकतो.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन आहे. खाली वैद्याचा शेरा आहे : उपचार करू नये असा आजार. पहिल्या महायुद्धापर्यंत तो शेरा जवळजवळ खराच ठरत होता. कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. पण ते तुटलेल्या कण्यानं मरत नसत. लघवी तुंबून मूत्रपिंडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग आणि माकडहाडाशी, नितंबाशी पडलेल्या खोल जखमा त्यांचा जीव घेत. हे आधी ओळखलं ते बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी, १९३६ पासून. आणि १९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी त्यावर एक अख्खा विभाग उभा केला. गुटमान हे नाझी जर्मनीतून १९३९ साली निसटून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी होती. प्रत्येकाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा. मूत्राशय वेळच्या वेळी आणि स्वच्छपणे रिकामं करायचं. लवकरात लवकर बसतं करायचं, हाताला काम द्यायचं, खेळायला लावायचं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पुढे तिचंच पॅरालिंपिक झालं.

लोक ही गोष्ट खेळाची म्हणून सांगतात. मला ती कूस बदलण्याची गोष्ट वाटते. गुटमान यांनी एकाही माणसाचा मज्जारज्जू जोडला नाही. तो आजही कोणाला पूर्ववत जोडता येत नाही. तरीसुद्धा जिथे नीट काळजी मिळते तिथे माणसं अनेक दशकं जगतात, नोकऱ्या करतात, पोरं वाढवतात. मरणाच्या दारातून त्यांना ओढून आणलं ते त्वचा, लघवी आणि शौच ह्यांच्या रोजच्या, कंटाळवाण्या शिस्तीनं. ह्या यशात चालण्याचा वाटा शून्य आहे.

ह्यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे : पण पेशंटला तर चालायचंच असतं ना? पेशंटला काय हवं असतं हे त्यालाच विचारलेलं बरं. २००४ साली अमेरिकेत अशा सुमारे ६८० जणांना विचारलं गेलं की कोणती एक गोष्ट परत मिळाली तर तुमचं आयुष्य सगळ्यांत जास्त सुधारेल. हातपाय चारी गेलेल्यांनी सर्वांत वर ठेवले हात आणि बोटं. फक्त पाय गेलेल्यांनी सर्वांत वर ठेवलं लैंगिक सुख. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांच्या यादीत वरच होता. चालणं दोन्हींकडे पहिलं आलं नाही. हे वाचलं तेव्हा मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "मला शर्टाची बटणं लावता आली तर मी पाय लेखी द्यायला तयार आहे."

बोटांवरून माझा स्वतःचा एक गुन्हा सांगतो. दादाची इजा मानेच्या सहाव्या पातळीची, म्हणजे मानेतल्या सहाव्या मणक्याच्या आसपासची. ह्या पातळीवर खांदे, कोपर वाकवणारे स्नायू आणि मनगट वर उचलणारे स्नायू चालू राहतात, पण बोटं हलत नाहीत. तरी निसर्गानं इथे एक पळवाट ठेवलीये. मनगट वर उचललं की बोटांचे दोर आपोआप ताणले जातात आणि बोटं मिटतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. एकही बोट स्वतः हलवता येत नसताना माणूस ह्या युक्तीनं पेला धरू शकतो, पेन धरू शकतो, स्वतःची लघवीची नळी स्वतः घालू शकतो. अट एकच. बोटांचे ते दोर किंचित आखूड, किंचित ताठ राहायला हवेत.

आणि मी रोज रात्री त्याच्या शेजारी बसून, मनगट मागे वाकवून, एकेक बोट शेवटपर्यंत सरळ ताणत होतो. बोटं आखडू नयेत म्हणून. तेल लावून, मायेनं. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या बाईंनी, दाराशी उभं राहून ते पाहिलं आणि जवळजवळ धावत आली. "अहो, त्याची पकड खलास करताय तुम्ही!" मी महिनाभर दादाच्या हातातली उरलीसुरली ताकद प्रेमानं मोडीत काढत होतो, कारण 'सरळ बोटं म्हणजे चांगली बोटं' एवढंच मला माहीत होतं. वॉर्डातल्या कोणी मला त्याआधी दोन मिनिटं काढून सांगितलं नव्हतं. पायांच्या एक्सरसाइजचा तक्ता मात्र पहिल्याच आठवड्यात भिंतीवर चिकटवला गेला होता.

सरसकट विधान करून अन्याय नको करायला. मज्जारज्जू अर्धवट दुखावला असेल, खालच्या स्नायूंत बऱ्यापैकी जोर परत येत असेल, तर अशा लोकांतले पुष्कळ जण खरोखर चालू लागतात आणि त्यांना चालायचा सराव लवकर आणि कसून मिळालाच पाहिजे. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होतो, नंतर वेग मंदावतो. संशोधनही थांबलेलं नाही. २०१८ साली कण्यात विद्युत उत्तेजक बसवून काही मोजक्या जणांनी पावलं टाकली, ती बातमी जगभर झळकली. त्यापेक्षा कमी झळकलेली बातमी २०२४ची आहे. मानेवर बाहेरूनच विजेचे हलके झटके देत हातांचा सराव करून घेतलेल्या ६० जणांपैकी ७२ टक्क्यांच्या हातांत ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही वाढली. ह्या लोकांच्या इजेला वर्षं उलटून गेली होती. शास्त्रज्ञ हातांकडे वळलेत. नातेवाईक अजून पायाच्या अंगठ्याकडे बघतायत.

आशा असू नये असं मी म्हणत नाही. पण आशेच्या नावावर विकल्या जाणाऱ्या गोष्टींचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. पेशींची इंजेक्शनं देऊन पाय चालू करून देतो म्हणणारी दुकानं जगात कुठेही सापडतात. मज्जारज्जू पूर्ववत करणारी म्हणून सिद्ध झालेली अशी कोणतीही पेशी-चिकित्सा आज नाही. घरातला पैसा तिथे जातो हे तर झालंच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे तेच सहा-आठ महिने जातात, ज्यात माणसानं स्वतःचं नवं शरीर शिकायचं असतं. 'पाय येणारच आहेत तर व्हीलचेअर कशाला शिकू' ह्या एका वाक्यावर कित्येकांचं शिक्षण अडून राहतं. व्हीलचेअर म्हणजे हार, असा समज. आमच्या घरीही चांगली व्हीलचेअर घ्यायला दीड वर्ष गेलं. तोवर दादा रुग्णालयातल्या ढकलगाडीसारख्या, त्याच्या मापापेक्षा हातभर रुंद, झोळीसारख्या सीटच्या खुर्चीत कलंडून बसायचा. पाठीला बाक आला तो तिथे. खांदा दुखायला लागला तोही तिथेच. व्हीलचेअर वापरणाऱ्याचा खांदा म्हणजेच त्याचा पाय, आणि तो पाय आम्ही फुकट झिजवला.

त्वचेचं सांगतो. जिथे कळत नाही तिथे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस हलत नाही. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसल्या बसल्या नकळत दर काही मिनिटांनी बूड सरकवतो. दादाला ते घड्याळ लावून करावं लागतं : पुढे वाका, बाजूला झुका, वजन उतरवा. एकदा तो पँटच्या मागच्या खिशात किल्ली ठेवून दुपारभर बसला. संध्याकाळी आरशात बघितलं तर बसायच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग, दाबला तरी न फिकटणारा. पाच दिवस पालथं पडून राहावं लागलं आणि सुटलो असं वाटलं. लांब दांड्याचा आरसा आमच्या घरातलं सगळ्यांत महत्त्वाचं वैद्यकीय उपकरण आहे. हा डाग चार दिवस कोणाला दिसला नसता तर हाडापर्यंत गेलेली जखम, शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने बिछाना आणि हातची नोकरी गेलेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दुप्पट ते पाचपट असतो. त्यातले कितीतरी मृत्यू अजूनही त्याच दोन जुन्या वाटांनी येतात, जखम आणि लघवी.

आणखी एक गोष्ट, जी घरी सोडण्याआधी छातीला चिठ्ठी लावून सांगायला हवी. छातीच्या वरच्या भागापासून वर इजा असेल तर शरीर कधी कधी भलताच गोंधळ घालतं. खाली कुठे तरी काही टोचतंय किंवा तुंबलंय, ते मेंदूला कळत नाही. पण रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब आभाळाला भिडतो. दादाचा नेहमीचा दाब शंभरच्या आसपास. एका रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम. तातडीच्या विभागात नेलं, वरचा दाब दोनशेच्या पुढे. तिथल्या डॉक्टरांनी त्याला आडवं केलं आणि डोकेदुखीचं औषध मागवलं. आडवं करणं ही तिथे होऊ शकणारी सगळ्यांत वाईट गोष्ट होती. दादाच कसाबसा ओरडला, "मला बसवा, नळी बघा." नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, लघवीची पिशवी भरायला लागली, आणि काही मिनिटांत दाब उतरला. हे होऊ शकतं हे दादाला माहीत होतं म्हणून तो वाचला. त्याला ते शिकवलं होतं दुसऱ्या एका व्हीलचेअरवाल्यानं, कुठल्याही डॉक्टरनं नव्हे.

लैंगिक आयुष्याचा विषय तर आमच्याकडे कोणी काढलाच नाही. दादा आणि वहिनी ह्यांच्यात काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना माहीत, पण निदान एखाद्या डॉक्टरनं दार लावून दहा मिनिटं बोलायला काय हरकत होती? इजेनंतर स्त्रियांची पाळी बहुधा काही महिन्यांत परत सुरू होते आणि मूलही होऊ शकतं. पुरुषांनाही मदतीनं बाप होता येतं. हे सांगायला यंत्र लागत नाही, फक्त संकोच बाजूला ठेवावा लागतो.

घरच्यांबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण आम्ही सगळे त्यात होतो. दादाला शर्ट घालायला चाळीस मिनिटं लागायची. आई तो दोन मिनिटांत घालायची. कुठल्या आईला चाळीस मिनिटं बघत बसवेल? पण त्या चाळीसच्या पुढे बारा होणार होती, आईच्या दोन मिनिटांनी ती बारा कधी आलीच नसती. शेवटी थेरपिस्टनं आईला सकाळी फिरायला जायचं फर्मान काढलं. ती फिरायला जायची आणि जिन्यात बसून राहायची. हे आम्हाला खूप नंतर कळलं.

मात्र इथे थेरपीवाल्यांशीही माझं भांडण आहे. त्यांच्या मोजमापांत सगळं स्वतःच्या हातानं केलं की पूर्ण गुण, मदत घेतली की गुण कमी. दादाला मोजे स्वतः घालता येतात. वीस मिनिटं लागतात आणि त्यानंतर तो दमून बसतो. एके दिवशी त्यानं ठरवलं की मोजे दुसऱ्या कोणी घालायचे आणि ती ताकद कामाला वापरायची. कागदावर तो परावलंबी झाला. प्रत्यक्षात त्याच महिन्यापासून तो अनुवादाच्या कामाला नियमित बसायला लागला. कोणी, कधी, कसे मोजे घालायचे हे तो सांगतो. माझ्या लेखी स्वावलंबन म्हणजे हे सांगणं. पण हे गुणपत्रिकेत बसत नाही, आणि जे गुणपत्रिकेत बसत नाही ते शिकवलं जात नाही.

१९९४ साली छापून आलेला एक अभ्यास मी कधी विसरत नाही. तातडीच्या विभागात काम करणाऱ्यांना विचारलं होतं, मानेत अशी इजा झाली तर तुम्ही जिवंत आहात ह्याचा तुम्हाला आनंद वाटेल का? १८ टक्के हो म्हणाले. ज्यांना खरोखर अशी इजा झाली होती त्यांना विचारलं, तर ९२ टक्के हो म्हणाले. म्हणजे पहिल्या रात्री ज्या माणसांच्या हाती पेशंट असतो, त्यांच्याच मनात त्याचं आयुष्य संपलेलं असतं. ते चेहऱ्यावर दिसतं. आवाजात येतं. आमच्याही चेहऱ्यावर होतंच.

ह्यावर एकच औषध मी काम करताना पाहिलंय, आणि ते म्हणजे तशीच इजा झालेला, दहा-पंधरा वर्षं जुना माणूस. दादाच्या वॉर्डात एक गृहस्थ यायचे, व्हीलचेअरवर, लगबगीत. आले ते "धीर धरा" वगैरे काही बोलले नाहीत. पार्किंगवरून कोणाशी तरी भांडून आले होते आणि त्याच रागात होते. दादा त्यांच्याकडे बघत राहिला. ज्याच्याकडे भांडायला वेळ आहे त्याचं आयुष्य चालू आहे, हे त्याला तेवढ्यात कळलं असावं. मग त्यांनी प्रवासात पिशवी कुठे आणि कशी रिकामी करायची ते दाखवलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात, पुनर्वसनाच्या २६व्या कलमात, अशा समदुःखी सोबतीचा नावानिशी उल्लेख आहे. करारावर सह्या करणाऱ्या देशांची यादी लांबलचक आहे. पण ह्या माणसाला कामावर ठेवून पगार देणारी रुग्णालयं मात्र शोधावी लागतात. जे आहे ते त्याच्या चांगुलपणावर चाललंय. रोबोटच्या पायांसाठी देणगीदार मिळतो आणि त्याच्यासोबत फोटोही निघतो. पार्किंगवरून भांडणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थाला मानधन द्यायचं म्हटलं की फाइल अडते.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे. रुग्णालयातून सुटी 'टाके सुकले' ह्या निकषावर देऊ नका. पेशंट स्वतः, किंवा दुसऱ्याला सांगून, आपली त्वचा, लघवी आणि शौच सांभाळू शकतो का, ते बघा. सुटीआधी कोणी तरी घर पाहून या, कारण बहुतेकांचं पुनर्वसन घरातल्या बाथरूमच्या दारात संपतं. साधारण व्हीलचेअर ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते, तिला धड आत जायला ८० ते ९० सेंटिमीटरचं दार लागतं, आणि एका पायरीच्या उंचीच्या बारापट लांब उतरण लागते. ही शाळेतली गणितं आहेत. ती न केल्यामुळे आमचा दादा पहिले चार महिने दिवाणखान्यात पडद्याआड अंघोळ करत होता. शरीर कोणत्या पातळीला लुळं पडलं ह्यापेक्षा त्या पडद्यानं त्याला जास्त खचवलं, हे त्याचं म्हणणं. जगात ह्या इजेच्या प्रौढांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांना काम नाही. त्यांतल्या किती जणांची नोकरी पायांमुळे गेली आणि किती जणांची पायरीमुळे, हे कोणी तरी मोजायला हवं.

आता दादाच त्या वॉर्डात जातो, महिन्यातून दोनदा. मागच्या वेळी मी बरोबर होतो. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, अपघाताला पाच आठवडे. वडील दाराबाहेर उभे. दादाला बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "तुम्हाला अनुभव आहे. हा चालायला कधी लागेल?"

"ते मला नाही सांगता येणार," दादा म्हणाला. "तुमच्या बाथरूमचा दरवाजा किती रुंद आहे?"

वडिलांना माहीत नव्हतं. दादानं खुर्चीच्या बाजूच्या खिशाकडे मान केली. मी त्यातून मोजायची टेप काढून त्यांच्या हातात दिली.

"परत आणून द्या मात्र," दादा म्हणाला. "ह्याआधीच्या तीन गेल्या."